टकटक बंद करण्याआधी ती कुठून येते ते पाहा

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी ८ वर्षांची आहे, ९० हजार किलोमीटर झाली आहे. सकाळी चालू केली की इंजिनातून टकटक येते. पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं की थांबते. एक मेकॅनिक म्हणतो जाड ऑइल टाका, दुसरा म्हणतो इंजिन खोलावं लागेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : सध्या दोघांचंही नको. आवाज तापल्यावर थांबतो, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग झिजलं असतं तर बहुधा उलटं झालं असतं. तापलेलं ऑइल पातळ होतं, बेअरिंगमधल्या वाढलेल्या फटीत ते टिकत नाही आणि ठोका वाढत जातो. तो ठोका असतोही जड, कोणी आतून दारावर मूठ मारावी तसा. तुमचं वर्णन त्याचं वाटत नाही.

आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, मग काढा. ऑइल खालच्या खुणेला आलं असेल तर पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐका. कितीतरी टकटकी एवढ्यावरच मिटलेल्या मी पाहिल्या आहेत. मात्र इंजिन चालू असताना ऑइलचा लाल दिवा पेटला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करा, आणि गाडी ओढून न्या.

ऑइल ठीक असेल तर माझा पहिला संशय टॅपेटवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांवर) नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून जळका गॅस बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटवर, म्हणजे जोडातल्या पट्टीवर आहे. गॅस्केट फुटलं किंवा जोड धरणारा एखादा स्टड (बोल्ट) तुटला की तिथून गॅस टकटक करत बाहेर पडतो. थंड असताना फट उघडी असते, धातू तापून पसरला की मिटते, म्हणून आवाज जातो. हा आवाज टॅपेटसारखा इतका असतो की मी स्वतः दोनदा व्हॉल्व्ह कव्हर उगाच काढलं आहे. आता आधी मीटरभर रबरी नळी घेतो. एक टोक कानाशी धरायचं, दुसरं थंड इंजिन चालू केल्याबरोबर मॅनिफोल्डच्या जोडावरून हळूहळू फिरवायचं. गळतीपाशी आवाज एकदम कानात शिरतो. तिथे काजळीचा काळा पट्टाही दिसतो. गाडी मोकळ्या हवेत उभी करा, बंद गॅरेजमध्ये हे कधीच करू नका. पंखा आणि पट्टा यांपासून बाह्या, ओढणी दूर ठेवा. हेच निघालं तर गॅस्केट आणि स्टड बदलून भागतं, इंजिन खोलावं लागत नाही.

तिथे काही सापडलं नाही तर टॅपेट. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्ह कव्हरवर टेका आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. ठोका एकाच जागी जोरात येतो का ते पाहा. तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबानं फट आपोआप भरून काढणारे) असतील तर रात्रभरात त्यांतलं ऑइल उतरतं, आणि सकाळी दोन-चार सेकंद वाजणं साहजिक आहे. मिनिटं लागत असतील तर टॅपेटमध्ये मळ अडकला असेल किंवा ऑइलचा दाब कमी असेल. योग्य ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर घाला, काही आठवडे गाडी चालवा, मग ठरवा. शिवाय ऑइलचा दाब गेज लावून मोजून घ्या.

साधे टॅपेट असतील तर फिलर गेजनं (पातळ पट्ट्यांच्या मापानं) टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट मोजून सेट करायची, इंजिन थंड की गरम ते पुस्तिकेत लिहिलेलं असेल तसं. आणि हे मी कळकळीनं सांगतो : आवाज जावा म्हणून फट कमी करून घेऊ नका. शिकाऊ असताना एका गिऱ्हाइकाला टकटक अजिबात नको होती. मी टॅपेट घट्ट बसवले. इंजिन चालू आहे की बंद, कळेना. गिऱ्हाईक खूश. दोन महिन्यांनी तीच गाडी मिसिंग करत परत आली. हेड उतरवलं तर एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून गेली होती. व्हॉल्व्ह तापला की लांबतो. फट नसेल तर तो सीटवर (हेडमधल्या आपल्या बैठकीवर) पुरता बसत नाही, आणि सीटला टेकल्याशिवाय त्याची उष्णता बाहेर जात नाही. त्या माणसाची गाडी माझ्यामुळे खोलावी लागली, ते मी विसरलेलो नाही. आज माझ्या हातची गाडी किंचित वाजते. ती तशी वाजू द्या.

जाड ऑइलचा सल्ला याच कारणानं मला पटत नाही. त्यानं आवाज दबतो, पण थंड इंजिनात ते वरच्या भागात उशिरा पोचतं. तुमची तक्रार नेमकी थंड इंजिनाची आहे.

एक शक्यता राहिली. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट वाढली असेल तरी थंड इंजिन वाजतं, पण पोकळ, बसक्या आवाजात. ऑइल जळत नसेल तर अशा गाड्या पुढे बरीच वर्षं चालतात.

प्रश्न : नवी गाडी, जेमतेम ३ हजार किलोमीटर. आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) बारीक, जलद टिकटिक सतत ऐकू येते. थंड-गरम काही फरक नाही.

उत्तर : तुमच्या पेट्रोल इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असेल तर तो इंजेक्टरांचा आणि हाय प्रेशर पंपाचा आवाज असणार. अशा इंजिनांत इंधनाचा दाब १०० बारच्याही वर जातो. बॉनेट उघडल्यावर तो जास्त ऐकू येतो. त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारी उभी करून ऐका. आवाज सारखाच असेल तर काही करू नका.

प्रश्न : चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. गिअर उतरवला की बंद. टॅपेट सेट करून घेतले, फरक नाही.

उत्तर : टॅपेटचा यात दोष नव्हता. हे नॉकिंग आहे. स्पार्कपासून निघालेली ज्योत पोचायच्या आत सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटतं आणि धक्का देतं. पुस्तिकेत सांगितलेल्या ऑक्टेनचं पेट्रोल भरा, कूलंटची पातळी पाहा, स्पार्क प्लग सांगितलेल्याच नंबरचे आहेत का ते तपासा. मग मेकॅनिककडून नॉक सेन्सर, टायमिंग आणि सिलिंडरमधला कार्बन पाहून घ्या. ऑइल जळत असेल तर तेही सांगा, त्यानंही नॉकिंग वाढतं. असाच दाबून चालवत राहिलात तर पिस्टनमध्ये रिंगांच्या मधली धार तुटू शकते. दुरुस्ती होईपर्यंत चढावर तिसरा गिअर वापरा, आणि इंजिनाला थोडं वरच्या आरपीएमवर चालू द्या.