सुट्टीत मालकाची गाडी गावाला नेण्याबद्दल

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर. शिरोली एमआयडीसीत माल उतरला, साखरेचा पुढचा माल परवा कोल्हापुरातूनच भरायचाय, मधले दोन दिवस मोकळे. गाव उंब्रजवरून आत, मसूरच्या पुढे. घरी बहिणीचा साखरपुडा. गाडी घेऊन जाऊ का, आणि नेलीच तर घरची १५ माणसं हौद्यात, म्हणजे मागं माल ठेवायच्या जागी, बसवून पाहुण्यांच्या गावाला पोचवू का? मालक फोनवर म्हणाला, "बघ तुझं तू."

वय २५ लिहिलंयस, म्हणून अरे-तुरे करतो. कळंबोली-कोल्हापूर-हुबळी याच रस्त्यावर मी २६ वर्षं गाडी चालवली आहे.

आधी मालकाचं बोलू. "बघ तुझं तू" हा होकार नाही. उद्या काही झालं की तोच म्हणेल, मी कुठं सांगितलं होतं? मोटार वाहन कायद्यात कलम १९७ आहे. मालकाच्या संमतीशिवाय गाडी घेऊन गेलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संमती असल्याची तुझी रास्त समजूत होती असं पटलं तर कोर्ट सोडू शकतं, पण ते पटवत बसण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर लेखी होकार घेतलेला बरा. कॅनडात ड्रायव्हरला ट्रक खाजगी कामाला दिवसाला ७५ किलोमीटरपर्यंत वापरता येतो, तोही रिकामा आणि ट्रेलर सोडून. किलोमीटरची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे असा सरळ नियम नाही, त्यामुळे तुझ्यात आणि मालकात जे ठरेल तोच तुझा आधार. आणि लपवून काही होत नाही. किणीचा टोल आणि तासवड्याचा टोल, दोन्हीकडं फास्टॅगचे पैसे कापले की मेसेज मालकाच्या मोबाईलवर जातो. जाऊन-येऊन २०० किलोमीटर होतील. माझी दहा चाकी रिकामी असताना लिटरला ५ द्यायची, त्या हिशेबानं ४० लिटर डिझेल. हे डिझेल आणि टोल मी भरतो असं तू आधीच सांग. माझा अनुभव आहे, एवढं म्हटलं की बहुतेक मालक हो म्हणतात.

आता त्या १५ माणसांचं. नको. अजिबात नको. यात मी तुला कुठलीच सवलत देणार नाही.

मालगाडीच्या पॉलिसीत वापराच्या अटी छापलेल्या असतात, मालकाकडून मागून एकदा वाच. मालगाडीत पॅसेंजर नेता येत नाहीत. ड्रायव्हरशिवाय बसायचं ते कामावरच्या माणसांनी, तेही आरसी बुकात लिहिलंय तेवढ्यांनीच. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालासोबत जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा माणूस यात धरला गेला. पण फुकट बसवलेली माणसं यात येत नाहीत, त्यांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट केलं. २००४ च्या एका निकालात कंपनीला सांगितलं की वारसांना आधी पैसे दे आणि मग मालकाकडून वसूल कर, म्हणजे शेवटी बोजा मालकावरच. थोडक्यात, रस्त्यावरच्या मोटारसायकलवाल्याला तुझा धक्का लागला तर विमा उभा राहतो, पण हौद्यात बसलेल्या तुझ्या सख्ख्या मावशीसाठी तो उभा राहत नाही. केबिनमध्ये बसवलेल्या धाकट्या भावाचंही तेच. वर तुझ्यावर निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा, न्याय संहितेचं कलम १०६, ५ वर्षांपर्यंत शिक्षा.

आमच्या अड्ड्यावरच्या एकानं गावची माणसं मांढरदेवीला नेली होती. वळणावर हौद्यातली सगळी एका अंगाला गेली, हौद्याची फळी, फाळका, तुटला, आणि तिघं रस्त्यावर. त्यातली एक त्याची चुलती. ती वाचली, पण पाय गेला. केस कितीतरी वर्षं चालली. त्या घरात आजही कुणी त्याच्याशी बोलत नाही. हौदा पोत्यांसाठी असतो रे. माणसाला तिथं धरायला काही नसतं, आणि पुढं बसलेल्या तुला मागचं काहीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट झोपेची. मालक समजतो, पोराला दोन दिवस आराम मिळाला. खरं काय होतं? रात्री गाव गाठायचं, दिवसभर पाहुणे, रात्री गप्पा, आणि पहाटे तीनला गाडी काढून भराईला हजर. मी हेच केलं होतं, पुतण्याच्या बारशाला. पेठ नाक्याच्या अलीकडं डोळा लागला आणि गाडी डिव्हायडरला घासत गेली तेव्हा जागा झालो. शेजारून दुधाचा टेम्पो चालला होता. तो अर्धा मिनिट पुढं-मागं असता तर आज मी हे लिहायला नसतो. म्हणून गावातून निघायचं ते आदल्या दिवशी संध्याकाळी. कोल्हापुरात येऊन गाडी लाव, रात्रभर झोप काढ, मग भराईला लाव.

गाडी भरलेली असती तर प्रश्नच नव्हता, गावाकडं वळवायचीच नाही. माल दुसऱ्याचा, मालासोबतच्या सरकारी परवान्याची, ई-वे बिलाची, मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजलेली, आणि आडरस्त्याला माल गेला तर चोरीचा पहिला संशय तुझ्यावर.

शेजारी म्हणतील, आलाच आहेस तर मंडपाच्या खुर्च्या टाक मागं. त्यालाही नाही म्हण.

मालकाला असं लिही: "शेठ, गाडी रिकामी आहे. गावाला नेतो. डिझेल, टोल माझा. कुणाला बसवणार नाही. उद्या रात्री कोल्हापुरात परत. हो म्हणून कळवा." उत्तर आलं नाही तर गाडी ट्रान्सपोर्टच्या आवारात लाव, चावी ऑफिसात दे आणि एसटीनं जा. उत्तर आलं तर गावात गाडी रस्त्याकडेला न ठेवता उजेडाच्या जागी लाव, बॅटरी आणि स्टेपनीला कुलूप घाल. घरच्यांसाठी मसूरहून वडापच्या, म्हणजे भाड्यानं माणसं नेणाऱ्या, दोन जीप सांग. पैसे १५ जणांत वाटून घ्या, आणि बहिणीला माझा आशीर्वाद सांग.