पेपर पाठवण्याआधी: तुमचे प्रश्न

प्रश्न: मॅडम, मी परभणीत कृषिविद्येत पीएच.डी. करतो. सोयाबीनच्या खतमात्रांवरचा पेपर पाठवताना चार दिवस खपून मार्जिन, फॉन्ट, संदर्भ सगळं नियमाप्रमाणे बसवलं. तिसऱ्या दिवशी नकार आला. फॉरमॅटमध्ये काय चुकलं असेल?

बहुधा काहीच नाही. तीन दिवसांत येणारा नकार परीक्षकांचा नसतो. तो संपादकाच्या टेबलावरूनच येतो, आणि तेवढ्यात त्याने वाचलेलं असतं शीर्षक, गोषवारा आणि फार तर एखादा तक्ता. तुम्ही जोडलेल्या नकारपत्रात 'विषय आमच्या कक्षेबाहेरचा' असं स्पष्ट लिहिलंय. नियतकालिक वनस्पतींच्या रेणुजीवशास्त्राचं, तुमचा प्रयोग शेतातला. मार्जिन इंचभर चुकलं असतं तरी उत्तर हेच आलं असतं.

नियतकालिक आधी ठरवायचं, मग लिहायला बसायचं. कुठलं ते कळत नसेल तर स्वतःचीच संदर्भसूची उघडा. ज्या नावाचा त्यात चार-पाच वेळा उल्लेख आहे, तिथे तुमचे वाचक आहेत. त्याचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा आणि लेखकांसाठीच्या सूचना शेवटपर्यंत वाचा. अनेक प्रकाशक पहिल्या फेरीला कुठल्याही नीटनेटक्या मांडणीतला मजकूर घेतात, त्यांची संदर्भशैली नंतर मागतात. तिथे आधीच चार दिवस घालवणं म्हणजे जागा ठरण्यापूर्वी मांडव घालणं. ओळक्रमांक तेवढे घाला, परीक्षकाला 'ओळ 142 पाहा' म्हणता आलं पाहिजे.

वाचलेला वेळ गोषवाऱ्याला द्या. तुमचं शेवटचं वाक्य आहे, 'विविध खतमात्रांचा परिणाम अभ्यासण्यात आला असून निष्कर्षांची चर्चा केली आहे.' यातून कुणाला काय कळलं? वाण कोणता, हंगाम किती, मात्रा किती, उत्पादन कितीने वाढलं किंवा वाढलंच नाही, हे आकड्यांत तिथेच यायला हवं. आणि तक्त्यातले एकर काढा. 1 एकर म्हणजे 0.405 हेक्टर, सगळं प्रतिहेक्टरी करून टाका.

प्रश्न: मी जळगावच्या महाविद्यालयात मराठी शिकवते. बोलीवरचा लेख एका मराठी नियतकालिकाला पाठवला. त्यांनी कळवलं की फाइल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. माझ्या संगणकावर तर सगळं व्यवस्थित आहे!

तुमच्याकडे व्यवस्थित दिसतं कारण तो फॉन्ट तुमच्याकडे आहे. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टांत फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरांचेच संकेतांक साठवलेले असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे मजकूर कुठेही उघडला तरी मराठीच राहतो, शिवाय शोधताही येतो.

रूपांतर करून देणारी साधनं मिळतात, पण खरं काम त्यांच्यानंतर सुरू होतं. एक, लेखातले मूळ इंग्रजी शब्द नि आकडे हे साधन मराठी समजून बदलून टाकू शकतं. ते आधी बाजूला काढून ठेवा. दोन, तळटीपा. त्या अनेकदा जुन्याच फॉन्टमध्ये राहून जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तीन, आपला लाडका ऱ्य. 'आचाऱ्यांनी' आणि 'आचार्यांनी' यांत एका रफाराचं अंतर आहे, पण एकाच्या हातात झारा असतो आणि दुसऱ्याच्या पोथी. मी स्वतः एका अंकात आचार्यांना पंगतीचा स्वयंपाक करायला लावला आहे, त्यामुळे अनुभवाचे बोल समजा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र दाबला की ऱ मिळतो, मग हलन्त, मग य. रूपांतरित मजकूर छापून, हातात पेन घेऊन वाचा. तुमच्या लेखात बोलीतले उच्चार हाच पुरावा आहे, म्हणून उदाहरणांचं प्रत्येक वाक्य मूळ नोंदवहीशी ताडून पाहा. सोबत पीडीएफही पाठवा, म्हणजे शंका आली की संपादकाला मूळ रूप बघता येईल.

जाता जाता: सूचीतल्या दोन जुन्या पुस्तकांवर फक्त शक आहे. शकात 78 मिळवा, वर्षाचे शेवटचे महिने असतील तर 79. शके 1850 म्हणजे 1928-29. मूळ शक आणि इसवी सन दोन्ही द्या.

प्रश्न: कोल्हापूरहून लिहितोय. पेपर मी आणि गाइडनी लिहिला. आता विभागप्रमुखांचंही नाव घाला असं सुचवलं जातंय. त्यांनी प्रयोगशाळा वापरू दिली, बाकी काही नाही. काय करू?

नियम स्वच्छ आहे, अडचण माणसांची आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष इतर शाखांतही मानले जातात: संशोधनाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मोलाची दुरुस्ती, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाबद्दल जबाबदार राहण्याची तयारी. चारही हवेत. प्रयोगशाळा देणाऱ्याची जागा ऋणनिर्देशात.

पण तुम्हाला त्याच विभागात अजून दोन वर्षं काढायची आहेत, हेही मला कळतं. थेट नकार देऊ नका. नियतकालिकाचं लेखक-योगदानाचं पत्रक असेल तर ते गाइडपुढे ठेवा आणि विचारा, 'सरांच्या नावापुढे यातलं काय लिहू?' रिकामा रकाना बरंच बोलतो. शक्य असेल तर हे बोलणं गाइडनाच करू द्या. पुढच्या वेळी मात्र लेखकांची नावं आणि क्रम पहिला प्रयोग लावण्याआधी ठरवा, आणि ईमेलवर.

प्रश्न: छायाचित्रं 'अस्पष्ट' म्हणून परत आली. मोबाइलवर तर छान दिसतात.

व्हॉट्सॲपवरून आलेली असणार! तिथे फोटो दाबून लहान होतो. मूळ फाइल कॅमेऱ्यातून काढा. छपाईला साधारण 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, लागतात; साडेआठ सेंटिमीटर रुंदीच्या एका स्तंभासाठी म्हणजे सुमारे 1000 पिक्सेल. लहान चित्र ताणून मोठं केल्याने तपशील परत येत नाही. चित्रं वर्डमध्ये चिकटवून न देता वेगळ्या फाइल म्हणून द्या.

प्रश्न: लग्नाआधीचे तीन पेपर माहेरच्या नावावर आहेत. आता कोणतं नाव लावू?

जुनंच लावलंत तर सगळ्यात सोपं. बदलायचं असेल तर ओआरसीआयडी (ORCID) या संशोधकांना कायमचा ओळख क्रमांक देणाऱ्या संकेतस्थळावर मोफत 16 अंकी क्रमांक घ्या, दोन्ही नावं तिथे नोंदवा आणि जुने पेपर त्या खात्याला जोडा. दुसरी खबरदारी नावाच्या क्रमाची. आपल्याकडे अर्जावर आडनाव आधी लिहायची सवय. तसंच पेपरवर गेलं तर सूची करणारी यंत्रणा शेवटचा शब्द आडनाव समजते, आणि तुमच्या संशोधनाचे लेखक म्हणून तुमचे वडील किंवा यजमान जगभर उद्धृत होतात. ऑनलाइन अर्जात नाव आणि आडनावाचे रकाने वेगळे असतात. ते भरून झाल्यावर तयार होणारी पीडीएफ उघडून आपलं नाव कसं उमटलंय ते बघा, मगच सबमिटचं बटण दाबा.