पावसाळ्याआधी मोटरहोमच्या छताकडे बघा

नवीन मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी घेतलीत, अभिनंदन. इंजिनाची काळजी सगळेच घेतात. मोटरहोम खराब होते ती मात्र छतातून. म्हणून मे महिन्यातच शिडी लावून वर चढा. व्हेंट (हवेची झडप), सोलर केबलची जागा, कडेचे जोड, जिथे जिथे छताला भोक पाडलंय तिथलं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लगदा, नखाने दाबून बघा. कडक झालंय, भेगा पडल्यात? मग प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडा, स्पिरिटने पुसा, वाळू द्या आणि नवं भरा. जुन्यावर थर चढवू नका. बाथरूमचं सिलिकॉन तर नकोच. ते एकदा लागलं की पुढे त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही. व्हेंटच्या फ्रेमखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), वरून छतासाठीचं सीलंट.

आत कपाटांच्या वरच्या कोपऱ्यांत प्लाय अंगठ्याने दाबा. मऊ लागला तर पाणी मुरलंय. पण डाग आहे तिथेच भोक असेल असं धरू नका, पाणी फ्रेमवरून वाहत लांब जाऊन उतरतं.

पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह वायर काढा. 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. 12.4 च्या खाली जाऊ दिली तर प्लेटांवर सल्फेट बसतं. लिथियम मात्र निम्मी भरलेलीच ठेवा.

पाण्याची टाकी रिकामी करा, नळ उघडे ठेवा. पुन्हा वापरताना 100 लिटरला 5 टक्क्यांचं साधं, सुगंध न घातलेलं ब्लीच 100 मिली, चार तास पाइपांतही मुरू द्या, मग वास जाईपर्यंत धुवा.