चंद्रपूर ते सिरोंचा : खचदरी खडकांत कशी दिसते?

प्रश्न : प्राणहिता-गोदावरी खोरे ही प्राचीन खचदरी (भेगांलगत जमीन खचून झालेली लांबट दरी) आहे असे वाचले. नुसत्या गाळाच्या खडकांवरून हे कसे कळते? गोट्यांचा थर दिसला की तिथे प्रस्तरभंग (खडक तुटून एक बाजू सरकलेली भेग) होता असे धरायचे का?

उत्तर : गोट्यांवरून लगेच तसे धरू नका, इथेच बहुतेकांची गफलत होते. या खोऱ्यातला सर्वांत खालचा गोंडवन (कोळसा असलेल्या जुन्या गाळाच्या खडकांचा गट) थर तालचिर नावाचा. हिरवट, बारीक मातीच्या खडकात लहानमोठे गोटे वाटेल तसे रुतलेले. एखादा हातात घेऊन पाहा : एक बाजू घासून सपाट झालेली आणि तिच्यावर समांतर ओरखडे. चंद्रपूर जिल्ह्यात इरईपाशी खालच्या चुनखडीवरही असेच ओरखडे आहेत. ही सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीची खूण. प्रस्तरभंगाच्या पायथ्याशी साचलेले गोटे मात्र कोनदार, शेजारच्याच डोंगराच्या दगडाचे असतात आणि कडेपासून थोड्याच अंतरावर संपून वाळू सुरू होते.

खरा पुरावा जाडीत असतो. प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंच्या बोअरच्या नोंदी घ्या आणि एका ओळखीच्या कोळशाच्या थरापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजा. खचलेल्या बाजूला ते वाढत असेल तर गाळ साचतानाच जमीन खाली जात होती. दोन्हीकडे सारखे असेल तर भंग नंतरचा. वरचा भाग झिजून गेला असेल तिथे एकूण जाडी फसवते, म्हणून दोन ठरलेल्या थरांमधलेच अंतर धरायचे. जास्त खचणाऱ्या बाजूला कोळशाचा एक थर फाटून दोन-तीन होतो, तेही पाहा.

तालचिरच्या वर बराकर वालुकाश्मात कोळसा, पुढे मलेरीचा लाल पंकाश्म (मातीचा खडक) आणि सिरोंच्याकडे ज्युरासिक काळातला कोटा थर, ज्याच्या चुनखडीत तळ्यातले मासे सापडतात. खोरे कितीतरी काळ गाळाला जागा देत राहिले, हे या चळतीवरून समजते.

जुन्या नदीची दिशा वालुकाश्मात वाहत्या पाण्याने रचलेल्या तिरप्या थरांवरून काढतात. एकाच उघड्या भिंतीवरचा उतार मोजला तर दिशा चुकते, दोन काटकोनी भिंती हव्यात. एका जागी निदान २५ मापे घ्या आणि खडक नंतर कलला असेल तर तो कल आधी वजा करा. गोंडवन काळातल्या नद्या इथे मुख्यतः उत्तर-वायव्येकडे वाहत होत्या, आजच्या गोदावरीच्या जवळजवळ उलट. त्यामुळे आजच्या नदीवरून जुन्या खोऱ्याचा उतार ठरवू नये.