डाउनहिलमध्ये जी जड, तीच जिंकते का?

लातूरच्या ताईंची नववीतली लेक बायकांची डाउनहिल (पायांना स्की, म्हणजे लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या डोंगरउतारावरून सुसाट खाली यायची शर्यत) बघून म्हणाली, "उतारच खाली ओढतोय, मग यात त्यांचं काय? जी जड, ती जिंकणार." लेकरानं प्रश्न नेमका विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बीडचा, मूळचा सायकलवाला. उत्तराखंडातल्या औलीला स्कीइंगचा प्राथमिक कोर्स केलाय आणि या शर्यती वीसेक वर्षं बघतोय.

वजनाचा फायदा होतो, हे खरं आहे ताई. वजन वाढलं की खालची ओढ त्याच प्रमाणात वाढते, हवेचा विरोध मात्र तेवढा वाढत नाही. त्यामुळे सरळ उतारावर जड खेळाडू थोडी पुढं सरकते. पण वळण आलं की तेच वजन तिला बाहेर फेकायला बघतं, आणि ते मांड्यांनी पेलावं लागतं.

मांजरसुंब्याचा घाट सायकलवर उतरलेल्याला हे लगेच कळेल. उतार सगळ्यांना सारखाच. वळणाच्या तोंडाशी जो गडबडतो तो ब्रेक दाबतो, आणि तिथं गेलेला वेग पुढच्या सरळ रस्त्यावर सगळा वेळ नडतो. स्कीला ब्रेक नसतो. ती आडवी घसरली, बर्फाचा फवारा उडाला, की समजायचं ब्रेक लागला. स्कीची पोलादी कड बर्फात रुतवून, रेघ ओढल्यासारखं वळण घेतलं तरच वेग शाबूत राहतो. औलीच्या साध्या उतारावर, सायकलच्या वेगातसुद्धा ही कड धरताना माझ्या मांड्या थरथरायच्या. या पोरी ते ताशी 100 ते 120 किलोमीटर वेगात करतात, तेही पाणी मुरवून काचेसारख्या टणक केलेल्या बर्फावर.

म्हणून मी म्हणतो, उतार वेग देतो. तो कमीत कमी सांडणारी जिंकते. 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये स्लोव्हेनियाची टीना माझे आणि स्वित्झर्लंडची डोमिनिक गिसिन, दोघींची वेळ एकच आली: 1 मिनिट 41.57 सेकंद. दोघींना सुवर्णपदक मिळालं. ऑलिंपिकच्या अल्पाइन स्कीइंगमध्ये सुवर्णाची अशी बरोबरी पहिल्यांदाच झाली. तिसरी आलेली लारा गुट फक्त 0.10 सेकंदानं मागं होती. ताशी 100 किलोमीटर वेगात सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे जेमतेम 28 सेंटीमीटर, सव्वा वीत धरा. अडीच किलोमीटरहून लांब उतारावर एका वळणात स्की जराशी घसरली असती, तर दोघींपैकी एकीचं सुवर्ण गेलं असतं. स्लालमसारखी (खांबांमधून झटपट वळत उतरायची शर्यत) दुसरी फेरीही यात नसते. एकदाच उतरायचं.

हे निव्वळ धाडसावर होत नाही. शर्यतीआधी वेळ लावून सराव-फेऱ्या होतात, आणि त्यांतली एक तरी केल्याशिवाय शर्यतीत उतरता येत नाही. सुरुवातीच्या फाटकाआधी खेळाडू डोळे मिटून, हात हलवत अख्खा उतार मनातल्या मनात उतरतात. ते दृश्य लेकीला जरूर दाखवा. मला शर्यतीइतकंच ते आवडतं.

बायकांचा उतार पुरुषांपेक्षा कमी उंचीचा असतो, म्हणजे वरच्या टोकापासून खालच्यापर्यंतचा उंचीतला फरक 450 ते 800 मीटर; पुरुषांचा 800 च्या पुढं. म्हणून त्याला सोपा म्हणणं मला पटत नाही. इटलीत कोर्तिनाला या पोरी दोन कड्यांच्या मधल्या अरुंद उतारातून सुसाट खाली येतात. तिथंच जानेवारी 2022 मध्ये, डाउनहिल नव्हे पण दुसऱ्या एका शर्यतीत, इटलीची सोफिया गोजिया पडली आणि गुडघ्याला दुखापत झाली. 23 दिवसांनी तिनं बीजिंग ऑलिंपिकच्या डाउनहिलमध्ये रौप्य मिळवलं, सुवर्णापासून 0.16 सेकंद दूर. दुखऱ्या गुडघ्यानं वळणं पेलायची म्हणजे काय, हे घाट उतरलेल्या माणसाच्या मांड्यांना विचारा.

पुढची शर्यत लागली की लेकीला सांगा, उडीकडं कमी बघ, वळणातून बाहेर पडताना स्कीमागं बर्फ किती उडतो ते बघ. मग पडद्यावर मधली वेळ हिरवी (आघाडीवरचीपेक्षा पुढं) येणार की लाल (मागं), ते आधीच ओळखायला लावा. तिचे अंदाज किती बरोबर आले, ते इथं नक्की कळवा.