घडीवर तडा का गेला?

दसरा झाला की माझ्याकडे भेटकार्डांची पत्रं येऊ लागतात. यंदा दोघींनी पत्रासोबत फसलेलं कार्डही धाडलं, हे फार बरं केलं. कागद हातात घेतल्याशिवाय चूक नीट कळत नाही. माझ्याकडेही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात १९९४पासूनची माझी बिघडलेली कार्डं आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर काय चुकलं ते पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. ही उत्तरं लिहिताना तो डबा शेजारीच होता.

ताई, गेल्या वर्षी ए-फोर कार्डशीट मधोमध कापून, तुकडे दुमडून छोटी कार्डं केली. घड्या सुरेख आल्या. यंदा तोच कागद, पण अख्खं शीट दुमडून मोठी कार्डं केली तर चाळीसच्या चाळीस कार्डांना घडीवर तडे गेले. मरून रंग उडून आतलं पांढरं दिसतंय. कागद खराब निघाला का? – एक वाचक, सातारा

कागद चांगला आहे. तुमचं कार्ड भिंगाखाली धरलं तेव्हा तडा करवतीच्या दात्यांसारखा दिसला, म्हणजे धागे आडवे मोडलेत. कागद यंत्रावर तयार होताना लगदा जाळीवरून एकाच दिशेनं पुढे जातो आणि बहुतेक धागे त्याच दिशेला झोपतात. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या बाजूनं घडी घातली की कागद निमूट वळतो, ग्रेनला आडवी घातली की मोडतो.

तुमच्या शीटचा ग्रेन २९७ मिलिमीटरच्या लांब बाजूनं आहे. अख्खं शीट मधोमध दुमडलंत, तर घडी त्याला आडवी पडते. तेच शीट आधी कापून तुकडा दुमडलात, की घडी ग्रेनच्या बाजूनं येते. गेल्या वर्षी म्हणूनच जमलं. ग्रेन ओळखायचा तर शीट न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूला कमी जोर लागतो, ती घडी घालायची बाजू. हाताला खात्री वाटली नाही तर एक छोटा तुकडा एका अंगानं ओला करा. तो नळीसारखा वळेल आणि नळी ग्रेनच्या दिशेला असेल.

मोठंच कार्ड हवं असेल तर शीट २१० बाय २१० चौकोनी कापा आणि ग्रेनच्या बाजूनं दुमडा. १०५ बाय २१०चं उभट कार्ड होतं, ते ऑफिसच्या ११० बाय २२०च्या लांब पाकिटात नेमकं बसतं. आकाशकंदील आणि त्याच्या झिरमिळ्या काढायला मला हा आकार सगळ्यात आवडतो. दुमडण्याआधी शाई संपलेल्या बॉलपेननं पट्टीला धरून क्रीझ मारा, म्हणजे घडीच्या जागी दाबून रेघ ओढा, मात्र कार्डाच्या बाहेरच्या अंगानं. क्रीझचा उठलेला उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे. खूप जण नेमकं उलट करतात.

झालेली चाळीस कार्डं टाकू नका. बाइंडर वहीच्या पाठीला कापडाची पट्टी लावतो, तशी दोन सेंटिमीटरची खणाची पट्टी घडीवर लावा. पातळ पांढरा गोंद लावलात तर त्यातल्या पाण्यानं कागद लाटा घेईल, म्हणून दोन्हीकडून चिकटणारी टेप किंवा ग्लू स्टिक वापरा. मरूनवर हिरवा खण फार देखणा दिसेल.

हातकागदाला ही अडचण जवळजवळ नसते. तिथे लगदा चौकटीत हलवून बसवतात आणि धागे चहूकडे पसरतात. पुण्यातल्या १९४०च्या हातकागद संस्थेमुळे आमच्याकडे या कागदाची ओळख जुनी. पण त्यावर शाई फुटू शकते. माझ्या डब्यात १९९७चं एक कार्ड आहे, ‘शुभेच्छा’तला ‘च्छा’ पसरून काळा ठिपका झालेला. एकाच बैठकीत तीस कार्डं लिहिली आणि सगळी तशीच झाली. त्या कार्डामागे लिहिलंय, ‘कोपऱ्यावर आधी एक रेघ ओढून पाहायची.’

पंचवीस कार्डांवर ‘दिपावलीच्या हार्दीक शुभेच्छा’ असं कटनिबनं लिहिलं. पाठवल्यावर नणंदबाईंनी चूक दाखवली. शिवाय शेवटची अक्षरं दरवेळी कडेला चेपली जातात. – एक वाचक, नागपूर

चूक दाखवणारं माणूस घरात आहे, तर पुढच्या वर्षी कच्चा मजकूर आधी त्यांनाच दाखवा. ‘दीप’ संस्कृतातून तसाच आला, म्हणून ‘दीपावली’चा ‘दी’ दीर्घ. ‘दिवाळी’चा ‘दि’ मात्र ऱ्हस्व. ‘हार्दिक’मधला ‘इक’ ‘वार्षिक’, ‘सामाजिक’सारखा ऱ्हस्वच. हातात उरलेली कार्डं खरवडू नका, कागदाला लव येते. वेगळ्या रंगाच्या कागदाची पट्टी कापून त्यावर मजकूर पुन्हा लिहा आणि चिकटवा.

अक्षरं चेपतात, कारण आपण डावीकडून सुरू करतो आणि जागा मागाहून आठवते. मजकूर आधी रद्दी कागदावर त्याच निबनं लिहा, तो मजकूर मधोमध दुमडा आणि ती घडी कार्डाच्या मध्यावर ठेवा. सुरुवात कुठून करायची ते दिसेल. अक्षरं मोजून मध्य काढू नका. ‘व’ अरुंद, ‘च्या’ ऐसपैस. माझे वडील बोर्ड रंगवायचे. ते आधी खडूनं शिरोरेषा आखायचे आणि अक्षरं तिला टांगायचे. तसंच करा, पण शिरोरेषेच्या वर मोकळी जागा सोडा. ‘शुभेच्छा’ची मात्रा आणि ‘हार्दिक’चा रफार तिथेच बसायचेत. खाली उकारालाही जागा हवी.

नाताळच्या कार्डावर केक, ग्लास आणि मेजाभोवती जमलेली माणसं काढली. मावशी म्हणाली, हे सणाचं कार्ड की पार्टीचं? – एक वाचक, वसई

मावशींची तक्रार नाताळच्या छापील कार्डाइतकीच जुनी आहे. १८४३मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून कार्ड करून घेतलं. विक्रीला आलेलं ते पहिलं नाताळ कार्ड मानतात. मधल्या चित्रात कुटुंब वाइनचे पेले उंचावतंय आणि एका लहान मुलीच्या ओठांनाही पेला लावलाय. दारूबंदीवाल्यांनी त्यावर टीका केली. दोन्ही कडांना गरिबांना अन्न-वस्त्र देण्याची सुंदर चित्रं आहेत, पण नजर मधल्या चित्रावरच गेली. मधली जागा कुणाला द्यायची ते आधी ठरवा. तुमच्या घरी गोठा मांडत असाल तर तोच मधोमध काढा, केक कोपऱ्यात चालेल.

कार्ड उघडलं की आकाशकंदील उभा राहतो. पण बंद केल्यावर त्याचं टोक बाहेर डोकावतं. – एक वाचक, ठाणे

तुमच्या मापांत घडीपासून कंदिलापर्यंत ४ सेंटिमीटर आणि कंदिलाची उंची ८, म्हणजे १२. घडीपासून कार्डाची कड १०.५वर. दीड सेंटिमीटर बाहेर येणारच. अंतर आणि उंचीची बेरीज कडेच्या आत हवी. कंदील ६चा करा किंवा ८चाच ठेवून घडीपासून २ सेंटिमीटरवर आणा. दोन्हीकडे बेरीज १० होते. आणि झिरमिळ्या पतंगाच्या कागदाच्या लावा, कार्डशीटच्या झिरमिळ्या घडीत अडकून फाटतात.