‘सेपरेट’ : कोण, कोणापासून आणि कोणाच्या हाताने

अंबाजोगाई

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले इंग्रजी पान मी दोनदा वाचले. घरच्या माणसांविषयी तू मनापासून लिहिले आहेस, म्हणूनच त्यातल्या एका वाक्याजवळ मला थांबावे लागले. धाकटे चुलते वेगळे निघाले, एवढेच तुला सांगायचे होते आणि तू लिहिलेस, ‘माय अंकल इज सेपरेटेड’. आपल्याकडे ‘वेगळा निघाला’ म्हटले की चूल वेगळी झाली, शेताच्या वाटण्या झाल्या, सातबाऱ्यावर नावे स्वतंत्र लागली, हे ऐकणाऱ्याला लगेच उमगते. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र तुझ्या वाक्यावरून तुझे चुलते आणि चुलती आता एकत्र राहत नाहीत असे वाटेल, कारण माणसाविषयी ‘सेपरेटेड’ एवढेच म्हटले की तो शब्द नवराबायकोच्या नात्याकडे जातो. तुला म्हणायचे होते ते ‘माय अंकल सेट अप अ सेपरेट हाउसहोल्ड’ असे लिहिता येईल. आणि शेताविषयी लिहिताना ‘डिव्हाइड’ हे क्रियापद घे. एका अखंड वस्तूचे भाग पाडायचे तेव्हा ‘डिव्हाइड’, आणि मुळात निराळ्या असलेल्या पण एकत्र आलेल्या गोष्टी बाजूला करायच्या तेव्हा बहुधा ‘सेपरेट’. शेत वाटले जाते, भाऊ वेगळे होतात. हा फरक आपल्या भाषेतही आहे.

‘सेपरेट’ हे क्रियापद लॅटिनमधून आले. त्यातील ‘से’ म्हणजे बाजूला आणि ‘परारे’ म्हणजे सिद्ध करणे, तयार करणे. स्पेलिंगमध्ये मधले अक्षर ‘ए’ का आहे आणि ‘ई’ का नाही, याचे उत्तर त्या ‘परारे’मध्ये आहे. उच्चाराकडेही लक्ष दे. क्रियापद असेल तर शेवट ‘रेट’ असा लांबतो आणि विशेषण असेल तर तो ‘सेप्रिट’सारखा आखूड होतो. आपण ‘सेपरेट खोली’ म्हणताना दोन्ही ठिकाणी एकच उच्चार करतो, त्यामुळे ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. याच लॅटिन मुळापासून फ्रेंचमार्गे ‘सेव्हर’ हे क्रियापद आले, ज्याचा अर्थ तोडून टाकणे असा अधिक कठोर आहे. ‘सेव्हरल’ हा शब्दही त्याच कुळातला आणि त्याचा जुना अर्थ ‘वेगवेगळा’ असाच होता. कर्जाच्या जामीनपत्रात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असे छापलेले असते, तिथे तो अर्थ अजून जिवंत आहे: सगळे जामीनदार मिळून जबाबदार, आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणेही पूर्ण रकमेला जबाबदार. पीककर्जाला जामीन राहणाऱ्या आपल्या माणसांना हा एक शब्द कोणीतरी समजावून सांगायला हवा, असे मला फार वाटते.

आता ज्या ठिकाणी तू सर्वांत जास्त अडशील, तिकडे येतो. तुझी आई सूप घेऊन अंगणात बसते तेव्हा ती तूर पाखडते. फोलपटे सुपाच्या तोंडाशी येतात, हलका झटका बसताच खाली पडतात आणि दाणे मागे राहतात. मग तीच डाळ ती निवडते, म्हणजे खडे बोटांनी वेचून काढते. पीठ चाळते, ताक गाळते, शेंगा सोलते. खळ्यावर वाऱ्याच्या तोंडी धान्य उफणले जाते आणि जिनिंगमध्ये कापसातून सरकी निघते. या प्रत्येक क्रियापदात वेगळे करण्याची रीत, साधन आणि हाताची हालचाल सामावलेली आहे. ‘सेपरेट’मध्ये यातले काहीही नाही, दोन गोष्टी एकत्र होत्या आणि आता नाहीत, एवढेच तो सांगतो. म्हणून इंग्रजीतून मराठीत आणताना दर वेळी ‘वेगळे करणे’ लिहू नकोस, आधी हात काय करतो आहे ते पाहा. मराठीतून इंग्रजीत जाताना उलट काळजी घे, कारण तिकडेही पाखडण्यासाठी ‘विनो’, चाळण्यासाठी ‘सिफ्ट’ आणि गाळण्यासाठी ‘स्ट्रेन’ असे नेमके शब्द आहेत.

कशापासून वेगळे ते सांगताना ‘सेपरेट’नंतर ‘फ्रॉम’ येतो, ‘विथ’ नाही, आणि गट पाडायचे असतील तेव्हा ‘इंटू’ येतो. यावर जास्त लिहीत नाही, वापराने ते बसेल.

कर्ता कोण आहे हे मात्र नीट पाहायला हवे. ‘दे सेपरेटेड’ म्हणजे ते आपापल्या मार्गाने गेले. ‘दे वेअर सेपरेटेड’ म्हणजे बहुधा दुसऱ्या कोणी किंवा परिस्थितीने त्यांना दूर केले. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा औरंगाबादपासून आणि 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला, असे आपण सहज म्हणतो. मराठीतले ‘झाला’ हे क्रियापद निर्णय घेणाऱ्याला झाकून ठेवते. इंग्रजीत ‘वॉज सेपरेटेड’ असेच लिहावे लागेल, कारण जिल्हा स्वतःहून निघून जात नाही, शासन त्याची निर्मिती करते. कधी कधी कोणीच काही करत नसते. ‘द गोदावरी सेपरेट्स बीड फ्रॉम जालना’ या वाक्यात नदी केवळ मध्ये आहे. त्याचे मराठी ‘गोदावरी बीडला जालन्यापासून वेगळे करते’ असे करशील तर ते कानाला खटकेल. ‘बीड आणि जालन्याच्या मधून गोदावरी वाहते’ असे लिही.

शेवटची गोष्ट लिहिताना मला आजही वाईट वाटते. तरुणपणी शेजारच्या एका बाईंचा अर्ज मी इंग्रजीत लिहून दिला होता. त्या म्हणाल्या होत्या, ‘मी नांदत नाही, माहेरी राहते.’ मी ‘डिव्होर्स्ड’ असे लिहिले. कार्यालयाने घटस्फोटाचा हुकूमनामा मागितला, तो असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि अर्ज परत आला. नांदत नसलेली, परित्यक्ता, फारकत झालेली, या तिन्ही स्थिती समाजात आणि कायद्यात निराळ्या आहेत. हिंदू विवाह कायदा, 1955 याच्या कलम 10 मध्ये न्यायिक विभक्ततेची तरतूद आहे आणि घटस्फोट कलम 13 मध्ये येतो. विभक्ततेचा हुकूम झाला तरी विवाह कायम असतो, त्यामुळे दुसरे लग्न करता येत नाही. ‘सेपरेटेड’ आणि ‘डिव्होर्स्ड’ यांच्यातील हे अंतर मी तेव्हा ओळखले नाही आणि हेलपाटे मात्र त्या बाईंना पडले.

तुझ्या पानात आजीविषयी एक वाक्य आहे, ‘बहिणींची ताटातूट झाली’. त्याचे इंग्रजी तू कोरे सोडले आहेस, ते बरेच केलेस. ‘द सिस्टर्स वेअर सेपरेटेड’ हे व्याकरणाने बरोबर आहे, पण ताटातुटीतली हळहळ त्यात उतरत नाही. त्या दोघी कोणत्या वर्षी, कोणत्या कारणाने दुरावल्या आणि पुन्हा भेटल्या का, हे आजीला विचार आणि ती जे सांगेल ते आधी मराठीत लिहून मला पाठव. इंग्रजी वाक्य आपण त्यानंतर मिळून बसवू.

तुझा,
सर